हाताखालचा हात

"उजवा हात धडधाकट हाय की त्यांचा! मग घास कशाला भरवताय, आत्ती?" सौंदर्याचा संयम शेवटी सुटलाच!

दानम्मांनी आमटीत बुडवलेला भाकरीचा तुकडा चौतीस वर्षांच्या लेकाच्या तोंडाशी धरला होता, आणि लेकाने, राजशेखरने, निमूटपणे आ वासला होता. "तुझं काळीज दगडाचं हाय," सासूबाई सुनेवर कडाडल्या, "माझं न्हाय!"

दगडाचं म्हणे, कपाळ! मोटरसायकलवरून पडून चिरडला होता तो राजशेखरचा डावा पंजा. तीन महिन्यांत हाडं जुळली, आणि डॉक्टरांनी बजावलं, आता या हाताला काम द्या, नाहीतर बोटं कायमची आखडतील... पण शिवाजी पेठेतल्या त्या घरात त्याला काम मिळेल तर शपथ! बटणं आई लावणार, टॉवेल आई पिळणार, भेटायला आलेले पाहुणे "जपा बगा त्येला" म्हणत चहा पिऊन जाणार, आणि व्यायामाचा चेंडू पुढे करणारी सौंदर्या तेवढी कैदाशीण! रडायला तिलाही येत होतं. पण तीही रडत बसली असती, तर त्या हाताची आशा कुणी धरली असती?

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी तर कहरच झाला. आपलं इष्टलिंग आपणच डाव्या तळहातावर घेऊन पुजायचं, ही घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. राजशेखरच्या तळहाताखाली मात्र रोज दानम्मांचा तळहात!

"आत्ती, हात काढा."

"आन् लिंग पडलं म्हंजे?"

"न्हाय पडत. काढा म्हणते न्हवं!" आणि सौंदर्याने सासूचं मनगट धरून ओढलंच!

"शिवा शिवा!" दानम्मा किंचाळल्या. लिंग डगमगलं... राजशेखरचा चेहरा वेदनेने पिळवटला... आणि ती ताठरलेली बोटं थरथरत, एकेक करून वळली! लिंग तळहातावर स्थिरावलं.

"त्या दिशी मीच धाडलं हुतं त्येला गाडीवरनं हुपरीला, भाचीचं पैंजण आणाय!" दानम्मांना हुंदका आवरेना. "माझ्यापायी हात गेला त्येचा... मग मी हात कसा काढू गं?"

सौंदर्याची मनगटावरची पकड सुटली. आजवर जिला ती आंधळी माया म्हणून मनातल्या मनात बोल लावत आली, ते त्या माउलीचं प्रायश्चित्त होतं!

डोळे पुसता पुसता दानम्मांची नजर खाली गेली. सुनेने एका हाताने त्यांचं मनगट ओढलं होतं खरं. पण दुसऱ्या हाताने तिने नवऱ्याच्या हाताखाली आपला पदर पसरून धरला होता, आणि तो अजूनही तसाच होता.

"ह्येला आपण दोघींनी सावरलं," दानम्मा म्हणाल्या. "तुला कुणी सावरलं गं, पोरी?"

सौंदर्याने सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि इतक्या दिवसांचं रडू एकदाच मोकळं केलं.

"अव्वा, बोटं लई दुखाय लागल्यात," राजशेखर आईकडे बघत कळवळून म्हणाला. "आवरू का पूजा?"

"धरा!" "धर!" रडता रडता दोघी एकदमच ओरडल्या.