दोन कागद आणि एक पोर

"हे असलं भाषण मी वाचणार नाही, वेंडेल! जीव गेला तरी नाही!"

आर्डिसनं तो कागद टेबलावर असा आपटला की कपातली कॉफी बशीत सांडली आणि ताटलीतल्या लेफ्सेची, बटाट्याच्या पातळ पोळीची, गुंडाळीसुद्धा उलगडली... समोर होता वेंडेल ब्रुडविग, आयोवाचा सिनेटर, देशाच्या अध्यक्षपदाचा उमेदवार, रोज रात्री टीव्हीवर अख्ख्या देशाला छाती पुढे काढून दटावणारा माणूस, पण बहिणीच्या स्वयंपाकघरात तो अजूनही नऊ वर्षांच्या पोरासारखा खुर्चीच्या कडेवर टेकला होता.

"एक मिनिट, आर्डी. फक्त एक मिनिट बोलायचंय. आपल्या शाळेच्या जिममध्ये, आपल्याच शेजाऱ्यांसमोर."

"काय बोलू? 'माझा कोल्बी परमुलुखात देशासाठी धारातीर्थी पडला आणि त्याच्या मामाच्या हातात देश सुरक्षित आहे'? वेंडेल, तुला लाज कशी वाटत नाही रे?"

खिडकीपाशी उभा असलेला प्रचारप्रमुख प्रेस्कॉट खाकरला. वॉशिंग्टनचा माणूस, जानेवारीच्या बर्फात पातळ बूट घालून आलेला. "मिसेस हॉगेन, लोकांना सिनेटरसाहेबांची भूमिका घरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचीय. आणखी तीस हजार सैनिक, कणखर सीमा, शत्रूपुढे माघार नाही. हे झालं देशाच्या सुरक्षेचं पान. खर्चात कपात, छोटे दवाखाने मोठ्यांत विलीन, हे झालं घरच्या कारभाराचं पान. आज आपल्याला फक्त पहिलं पान हवंय. दोन्ही कागद वेगळे आहेत."

"तुमच्या पिशवीत वेगळे असतील!" आर्डिस गर्रकन वळली. "माझ्या घरात ते दोन्ही कागद एकाच पोरावर येऊन पडले!"

वेंडेलनं मान खाली घातली. फ्रिजच्या दारावर, कोंबड्याच्या आकाराच्या चुंबकाखाली, दोन वर्षं जुनं एक पत्र लटकत होतं. वेंडेल या घरात कितीदा तरी आला, जेवला. पण त्या दाराकडे बघणं त्यानं नेहमी शिताफीनं टाळलं होतं.

खरी गोष्ट एवढीच होती की कोल्बी रणांगणावर मेला नव्हता. तो जिवंत परत आला होता! हातपाय धड, वर्दीला इस्त्री, आणि डोळ्यांत मात्र असं काहीतरी की आईनं हाक मारली तरी तो दचकून भिंतीला पाठ लावायचा. तो जगावा म्हणून आर्डिसनं काय नाही केलं! जिल्ह्यातला सैनिकांचा छोटा दवाखाना बंद झालेला. का, तर तो वायफळ खर्च होता, आणि तो बंद करणाऱ्या ठरावावर पहिली सही होती तिच्याच भावाची. तीन तास गाडी हाकून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलं तर खिडकीतली बाई म्हणाली, नाव लिहून ठेवलंय, पत्र येईल. पत्र आलं. तारीख मिळाली सत्तावीस जानेवारीची. आणि अठरा तारखेच्या सकाळी कोल्बी गोठलेल्या नदीकडे चालत गेला... आईनं नुकतेच विणलेले हातमोजे काठावर नीट जोडून ठेवले... आणि परत आला नाही.

अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या मागच्या खोलीत वेंडेल तिच्या गळ्यात पडून ढसढसा रडला होता. "आर्डी, हे असं बाहेर आलं तर माझं सगळं संपलं गं!" आणि आर्डिसनं ओठ शिवले. का शिवले? आई गेली तेव्हा एकोणीस वर्षांच्या आर्डिसनं नर्सिंगचा अभ्यास अर्ध्यावर सोडला होता, तो या नऊ वर्षांच्या भावासाठी. आईचे शेवटचे शब्द होते, "वेंडेलला सांभाळ." ती सांभाळत राहिली! आणि नॉर्डाल गावच्या शेजाऱ्यांनी, देवाशप्पथ, तिला एका शब्दानं विचारलं नाही. या लोकांची रीतच तशी. दुःखाच्या घरी गरम खाण्याची भांडी आणून ठेवायची, अंगणातला बर्फ गुपचूप काढून द्यायचा, पण 'कसा गेला?' म्हणून विचारायचं नाही. विचारणं म्हणजे उद्धटपणा! तिचा फ्रीजर अकरा भांड्यांनी भरला. प्रश्न एकही आला नाही.

त्या सभ्यतेच्या अंधारात वेंडेलनं हळूच एक वाक्य पेरलं, 'माझा भाचा देशासाठी गेला', आणि त्याचं झाड झालं. प्रत्येक सभेत कोल्बी. प्रत्येक टाळीत कोल्बी. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच! आणि चर्चबाहेरच्या स्मारकाच्या दगडावर, जिथं गावातून युद्धाला गेलेल्या मृतांची नावं कोरलेली, तिथं मात्र कोल्बी नाही. समिती म्हणाली, तो घरी वारला ना, नियमात बसत नाही. मामानं तेव्हा एक फोन केला नाही. केला असता तर विचारलं गेलं असतं, मग तुमच्या भाषणात तो कुठं मेला?

"मी येईन," आर्डिस अखेर म्हणाली. आवाज एकदम थंड. "एक मिनिट बोलेनही."

वेंडेलनं सुटकेचा श्वास टाकला. वेडा! सख्ख्या बहिणीचा आवाज त्याला ओळखता आला नाही.

संध्याकाळी सात वाजता शाळेच्या जिमचं दार बंद झालं. आत शहाऐंशी माणसं. कॉकसची, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या गावसभेची, पद्धतच अशी की इथं मतपेटी नाही, चिठ्ठी नाही, पडदा नाही; माणूस हीच चिठ्ठी. ज्याला निवडायचं त्याच्या कोपऱ्यात जाऊन शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहायचं. एखाद्या कोपऱ्यात तेरापेक्षा कमी माणसं भरली तर तो कोपरा मोडला. त्यांनी दुसरीकडे जायचं नाहीतर घरी. फळ्यापाशी निवृत्त शिक्षिका मार्लिस क्वांडाल खडू घेऊन उभी होती. अर्ध्या गावाचे कान तिनं पिळलेले, त्यामुळे तिच्यापुढे सिनेटरही सरळ उभे राहात. वेंडेलचं नाव याच गावाच्या मतदारयादीत, म्हणून तोही आलेला, आणि त्याच्यामागून दोन कॅमेरे.

"सिनेटर ब्रुडविग यांच्या वतीनं," मार्लिस म्हणाली, "आर्डिस हॉगेन. एक मिनिट."

आर्डिस पुढे आली. प्रेस्कॉटचा कागद तिनं आणलाच नव्हता. तिनं कोटाच्या खिशातून फ्रिजवरचं पत्र काढलं.

"'प्रिय कोल्बी हॉगेन,'" तिनं वाचलं, "'आपली तपासणीची वेळ सत्तावीस जानेवारी, सकाळी साडेदहा. कृपया पंधरा मिनिटं आधी यावं.'" ती थांबली. "माझा मुलगा अठरा तारखेला गेला. परमुलुखात नाही. आपल्या नदीत. जाताना त्याच्यावर कुणी गोळी झाडली नाही. तो रांगेत होता! माझ्या भावाला आणखी तीस हजार पोरं पाठवायचीत. पाठवायला पैसा आहे आणि परत आलेल्याला खाट नाही, ही कसली सुरक्षा? माझ्या पोराचं नाव घेऊन कुणी टाळ्या मागितल्या तर देऊ नका. मी दोन वर्षं गप्प बसले, तो माझा गुन्हा. तो आज इथं संपला!"

आणि ती चालत गेली... वेंडेलच्या कोपऱ्याकडे नाही, इतर दोघा उमेदवारांकडेही नाही. दोरउड्यांच्या दोऱ्या टांगलेल्या त्या रिकाम्या चौथ्या कोपऱ्यात, जो 'कुणीही नाही' म्हणणाऱ्यांसाठी असतो आणि जिथं सहसा कुणी फिरकत नाही.

मोजणी सुरू झाली. प्रत्येकानं हात वर करून आपला आकडा स्वतः म्हणायचा. सवयीनं, लाजेनं, पाय हलले नाहीत म्हणून, लोक होते तिथंच राहिले. वेंडेलचे सत्तेचाळीस. दुसऱ्याचे बावीस. तिसऱ्याचे सोळा.

"एक," आर्डिस म्हणाली. मग पत्र उंच धरून, "दोन!"

मार्लिसचा खडू थबकला. "आर्डिस... मेलेल्यांना इथं मोजता येत नाही गं."

"तेच तर सांगतेय मी, मार्लिस! त्याला कुठंच मोजत नाहीत. दगडावर नाही, यादीत नाही, दवाखान्यात नाही. फक्त भाषणात मोजतात!"

मार्लिसनं फळ्यावर 'एक' लिहिलं. "अर्धा तास," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ज्यांना कोपरा बदलायचाय त्यांनी बदला."

प्रेस्कॉट लगबगीनं तिच्यापाशी पोचला. "मिसेस हॉगेन, तुम्हाला कळतंय का, एकटीनं उभं राहून तुमचं मत फुकट जाणार!"

"माझं सोन्यासारखं पोर फुकट गेलं, बाबा. मताचं काय घेऊन बसलास? आणि बूट बदल, पाय गळून पडतील."

कुणीतरी हुंदका आणि हसू यांच्या मधला आवाज काढला. तो ऑर्विन डाल्बी होता, गावचा बर्फ काढणारा गाडीवाला, सहा फूट, तोंडातून दिवसाला चार शब्द काढणारा. तो टोपी चुरगाळत आला. "आर्डिस, त्या सकाळी मी त्याला नदीच्या रस्त्यानं जाताना बघितलं होतं. वाटलं, विचारावं कुठं चाललास. मग वाटलं... आपण कशाला विचारायचं. दोन वर्षं तुझ्या अंगणातला बर्फ काढतोय मी. विचारायला तेवढं तोंड नव्हतं."

"उभा राहा इथं," आर्डिस म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला.

मग ऑर्विनची बायको. मग चर्चची ऑर्गनवाली. मग वेंडेलच्या कोपऱ्यातून एक म्हातारा, ज्याचा नातू महिन्याभरात सैन्याच्या जहाजावर चढणार होता. खुर्च्या सरकत होत्या, पायांचे आवाज येत होते, कुणी काही बोलत नव्हतं. बोलायची सवयच कुठं होती! पण चालत होते. घड्याळात दोन मिनिटं उरली तेव्हा मार्लिसनं मोजलं. बारा.

"एक कमी," ती म्हणाली. "नियम हा नियम."

तेव्हा वेंडेल हलला. प्रेस्कॉटनं त्याची बाही धरली. "साहेब, कॅमेरे आहेत! स्वतःचाच कोपरा सोडलात तर उद्या सकाळी तुम्ही संपलात!" वेंडेलनं बाही सोडवली आणि जिमची ती लांबच लांब लाकडी जमीन एकट्यानं ओलांडली. त्याच्या तोंडावरचा टीव्हीतला माणूस कुठं गळून पडला कोण जाणे.

"थांब!" आर्डिसनं हात आडवा केला. "दयेचा तेरावा नकोय मला. आकडा भरायला येत असशील तर परत जा. आधी खरं सांग. या सगळ्यांना सांग."

वेंडेल लोकांकडे वळला. "दवाखाना मी बंद केला. पहिली सही माझी. कोल्बीनं मला दोनदा फोन केला होता... मी सभेत होतो. नंतर करतो म्हणालो. तो लढाईत गेला असं मी म्हणत राहिलो, कारण तसं म्हटलं की माझी सही पुसली जायची. आर्डीनं मला वाढवलं, आणि मी तिच्या पोराला... आर्डी, मला क्षमा कर गं! नाहीतर करूही नकोस. पण मला इथं उभं राहू दे!"

आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली. हाच तो, ज्याच्या शाळेच्या डब्यात आपल्या वाटणीचं मांस घालून ती स्वतः पाव कुस्करून खायची! अंतःकरण तुटत होतं आणि संताप तसूभर कमी होत नव्हता. दोन्ही एकाच वेळी, एकाच छातीत... तिनं आडवा हात खाली घेतला.

"मोजा," ती म्हणाली.

"एक!" तिनं आरोळी दिली. "दोन," ऑर्विन. तीन, चार... आवाज पुढे सरकत गेला आणि शेवटी, गुदमरलेला, वेंडेलचा. "तेरा."

मार्लिसनं फळ्यावर लिहिलं, 'कुणीही नाही : तेरा'. कॅमेरेवाले बाहेर फोन लावत धावले. प्रेस्कॉट खुर्चीवर बसून पातळ बुटांकडे बघत होता. मग, उभ्या जन्मात कधी नियम न मोडलेल्या त्या बाईनं खडू पुन्हा उचलला आणि आकड्याच्या खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'कोल्बी हॉगेन'.

"दगडावरही घालायचंय ते," कुणाकडेही न बघता ती म्हणाली. "उद्या सकाळी नऊला समितीच्या दारात येते मी. बघू कुठला नियम आडवा येतो."

बाहेर बर्फ करकरत होता. वेंडेलनं बहिणीचा कोट धरला, तिनं त्यात हात घातले.

"आर्डी... घरी येऊ का?"

"ये. लेफ्से उरलीय." तिनं पत्राची घडी नीट जुळवली. "पण हे परत फ्रिजवर लागणार, वेंडेल. आणि आजपासून तू त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसायचंस. रोज वाचायचंस. मोठ्यानं."

"वाचतो," वेंडेल म्हणाला, आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसत तिच्यामागून चालू लागला.