आतल्या तारेतला आवाज

"तूच मला विष दिलंस!"

सौंसरच्या सभागृहात आवाज घुमला आणि गाता गाता कमल कोसळली. तो तिच्या नवऱ्याचा आवाज होता. तुळशीराम वर्षापूर्वी हृदयविकारानं गेला होता.

दुसऱ्या सकाळी कमल पांढुर्ण्याला, खासगी तपासनीस सुधाताई काळमेघांकडं आली. सोबत तिची नणंद छाया होती. बालवाडीत शिकवणारी. घरात आता दोघीच.

"ताई, लोक मले खुनी म्हणून राहिले."

दुपारी सुधाताई आणि त्यांचे सहकारी श्रावण त्या दोघींसोबत सभागृहात पोचले. रेडिओ मेकॅनिक हिरामण आपल्या यंत्रापाशी बसला होता. सूर काढणाऱ्या पेट्या तारांनी जोडून त्यानं ते बनवलं होतं. पुढच्या महिन्यात त्याचं कमलशी लग्न होतं.

"कमलचं गाणं अन् यंत्राचे सूर इथं एकत्र होतात," तो म्हणाला. "मग दोन तारा फुटतात. एक बाहेरच्या भोंग्यांकडं, एक रंगमंचामागच्या अँप्लिफायरकडं. तिथून आतले स्पीकर. जोडायले छाया होती मदतीले."

बाहेरचे भोंगे सांभाळणारा अनिलही तिथंच होता. तो म्हणाला, "बाहेर तर नुसतं गाणं आलं. अंदर लोक काहून ओरडले, समजलंच नाही."

"रंगमंचामागं कोण होतं?" सुधाताईंनी विचारलं.

"मी एकटीच," छाया म्हणाली. "कोणी आलं नाही."

सुधाताईंनी कमलला विचारलं, "तुळशीराम घरी कसे बोलायचे?"

"आमच्यासारखेच. नाटकात काम करायचे, तिथंच तेवढे शुद्ध बोलायचे. त्या नाटकाची टेप आहे न घरी."

श्रावण कुजबुजले, "हिरामणच! यंत्र त्याचं."

"त्यानं यंत्रात आवाज मिसळला असता, तर तो दोन्ही तारांत गेला असता. अनिलनं ऐकला असता. आवाज फक्त आत आला. म्हणजे तारा फुटल्यावर, मागच्या अँप्लिफायरमध्ये मिसळला. आणि घरी 'मले' म्हणणारा माणूस 'मला विष दिलंस' कसं म्हणेल? ते नाटकातलं वाक्य. टेप घरातली." सुधाताई वळल्या. "छाया, मागं तू एकटीच होतीस."

हिरामण यंत्रापासून उठला.

"लग्न मोडावं, एवढंच वाटलं," छाया पुटपुटली. "भाऊ जाऊन वर्षच झालं, वहिनी."

कमलनं तिच्याकडं वळून विचारलं, "म्या विष नाही देल्लं, हे तुले माहीत होतं?"

"होतं. तू त्याची छाती चोळत होती. डॉक्टरले आणायले मीच पळाली होती."