बुक्का राहिला

या, जरा पुढं सरका. मागं खांबाला टेकलात की डोळा लागतो, आणि ही गोष्ट पेंगुळल्या कानांनी ऐकायची नाही. आपल्या सांगलीतलीच आहे, हळदीच्या पेठेमागची.

तिथं उमामामी राहतात आणि त्यांच्याकडे त्यांचा भाचा निमिष. निमिषनं एकट्यानं, ऐन उमेदीची वर्षं घालून, संगणकावरचा एक खेळ केला. गोळ्या झाडत एका ओसाड नगरातून शेवटच्या दारापर्यंत जायचं. मेलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि दर जन्मी वाटा वेगळ्या. खेळ आटोपशीर, दुपारी जेवून बसलं तर चहाच्या आत संपावा. त्यात झांजा वाजायच्या त्या मामांच्या, सुमंतबुवांच्या, शेवटच्या कीर्तनातल्या.

ते कीर्तन अर्धंच झालं होतं. पूर्वरंग संपला की बुवांच्या कपाळी बुक्का लावायचा, हार घालायचा. मगच उत्तररंगातलं आख्यान. त्या दिवशी बुक्क्याची डबी निमिषकडे होती. बुवा कपाळ पुढं करून उभे राहिले. निमिष म्हणाला, "मामा, थांबा हं," आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग नीट होतंय का ते बघत बसला. त्यानं मान वर केली तेव्हा बुवा खाली कोसळले होते.

मामी त्याला कधी बोलल्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, की श्रोत्यांना ताटकळत ठेवून ते कधी गेले नव्हते.

खेळ बाहेर पडला. अशा खेळाचं असं असतं, की समीक्षकांनी आरंभीच नावाजलं तर तरतो, नाहीतर बुडाला. पहिल्यानं लिहिलं, नेमबाजी झकास, संगीत अंगावर काटा आणणारं, पण खेळ अर्धाच आहे. दुसऱ्यानंही तेच. तिसऱ्यानं तर चिडून लिहिलं, की शेवटच्या दारात एक म्हातारा मान झुकवून उभा आहे. त्याला गोळी लागत नाही, तो हलत नाही, आणि पुढं काही नाही.

निमिषनं असा म्हातारा काढलाच नव्हता. त्याच्या संगणकावर दार मोकळं होतं.

त्यानं आष्ट्याच्या मित्राला, जयराजला फोन केला; त्यानंही खेळ घेतला होता. जयराज त्याच दुपारी लॅपटॉप पाठीला लावून गाडीवरून आला.

"लय भारी केलायस गड्या," तो म्हणाला. "पर ह्ये म्हातारं वाट देईना. गोळ्या आरपार जात्यात. कशाला काढलंस ह्ये?"

निमिषनं वाकून पाहिलं. चेहरा पगडीच्या सावलीत होता. पण पेटी वाहून वाहून उतरलेला डावा खांदा त्यानं ओळखला.

झांजा थांबल्या होत्या.

मामी भाजी चिरत होत्या. त्या उठल्या, पदराला हात पुसत आल्या आणि कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग देवघरातून डबी आणून त्यांनी निमिषच्या हातात दिली.

"थांबा म्हणाला होतास ना?" त्या म्हणाल्या. "थांबलेत. लाव आता."

"मामी, अहो, हा खेळ आहे."

"असू दे. लाव."

जयराजनं लॅपटॉप त्याच्यापुढं सरकवला.

निमिषनं उजव्या हाताचं मधलं बोट बुक्क्यात बुडवलं. लहानपणी ऊस सोलताना कोयत्यानं चिरलेलं. पेरावर आडवा वण राहिलेला. त्यानं ते पगडीखाली टेकवलं.

काच कोरडी असायला हवी होती. बोटाला घाम लागला.

म्हातारा दिसेनासा झाला.

जयराजनं रुमालानं काच पुसली. रुमाल पांढरा तो पांढराच.

दार मोकळं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या चिडक्या समीक्षकानं आपलं लिहिणं बदललं. खेळ आता पुरा झाला, म्हणे. दारापलीकडं तोच म्हातारा मान वर करतो, झांजा वाजवतो आणि त्याला न कळणाऱ्या भाषेत एक लांबलचक गोष्ट सांगतो. ती संपेपर्यंत उठावंसं वाटत नाही. निमिषनं खेळात एक अक्षर बदललं नव्हतं. शेवटी त्या समीक्षकानं चित्रकाराचं कौतुक केलंय, की म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या काळ्या ठशात मधोमध एक बारीक आडवी पांढरी रेघ सोडली आहे, जखमेच्या वणासारखी.

आता आरतीला उठाल, बुक्का तुमच्यापर्यंत येईल. लावून घेताना सुमंतबुवांची आठवण ठेवा.