ठेवते म्हटल्यानंतर

संध्याकाळी साडेसहाला मंजिरी बोंडेच्या आवाजाने अचलपूरला फोन लावला आणि वडिलांना विचारले, "नाना, चहा झाला का?" मंजिरी त्या वेळी पुण्यात आपल्या टेबलाशी बसून गार झालेला उपमा संपवत होती. फोनवर तिची बदली बोलत होती.

मंजिरी काम करी त्या संस्थेने या बोलक्या यंत्रणेला 'प्रतिवक्ता' असे भारदस्त नाव दिले होते, पण ते कागदावरच राहिले. शाळेत रजेवरच्या बाईंच्या जागी बदली शिक्षिका येते, तशी ही बदली. ज्या फोनांसाठी तुम्हाला वेळ नाही, ते ती तुमच्या आवाजात, तुमच्या लकबींसह करायची. कायद्याने एकच अट घातली होती: सुरुवातीला एक टिंग वाजली पाहिजे. ती इतकी बारीक ठेवली होती, की शंभरातल्या दोघांनाही ऐकू येत नसे. कायदाही पाळला गेला आणि गिऱ्हाईकही तुटले नाही.

फोन संपला. मंजिरीच्या पडद्यावर रोजच्यासारखा गोषवारा आला: तब्येत ठीक. जेवण वेळेवर. विशेष काही नाही.

आठ महिने हेच चालले होते. आधी चाचणी म्हणून, मग काम फार म्हणून, आणि नंतर फक्त सवय म्हणून. जगभरच्या लोकांची बोलणी ऐकणाऱ्या या बाईला स्वतःशी बोलणारे कोणी उरले नव्हते. पण हे तिने स्वतःला अजून सांगितले नव्हते.

मंजिरी संभाषणाची अभ्यासक होती. माणसे काय बोलतात यापेक्षा कशी बोलतात हे ती पाही. कोण कुठे थांबले, कोणी 'हं' म्हटले, उत्तर यायला सेकंदाचे किती दशांश लागले, सगळे ती टिपून ठेवी. बदली ज्या सहा हजार घरगुती फोनांवरून बोलायला शिकली, ते तिच्याच देखरेखीखाली शब्दशः लिहून उतरवले गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची सहकारी रेहाना तडवी खुर्ची ओढून शेजारी बसली.

"गिऱ्हाइकांमार्फत तीनशे तक्रारी आल्यात. बहुतेक त्यांच्या साठीपुढच्या आईवडिलांच्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, लेक फोन लवकर ठेवते."

"मी मोजलंय, रेहाना. बदली माणसांइतकाच वेळ बोलते."

"किती वेळ बोलते ते मोजलंस. शेवट कसा करते ते ऐकलंस का कधी?"

शेवटाचा नियम मंजिरीचाच होता, फोन उतरवण्याच्या नियमांतला सतरावा. मराठी माणसाचा फोन एका फटक्यात खाली जात नाही. "ठेवू का?" "ठेव." "बरं, ठेवते." "हो. अन् काय गं…" असे लांबत लांबत चार-पाच मिनिटे जातात. ते उतरवताना सगळे कंटाळून जात. म्हणून मंजिरीने लिहून दिले होते: 'ठेवू का' आणि 'ठेव' झाले, की संभाषण संपले असे समजावे, पुढचे शेपूट कापावे. बदली त्या कापलेल्या फोनांवर शिकली होती.

"बदलीने फोन ठेवल्यावर पलीकडच्या आवाजाची नोंद आणखी चार सेकंद चालू राहते," रेहाना म्हणाली. "नावं काढलेली आहेत. नुसत्या शेवटच्या ओळी एकाखाली एक लावल्यात. वाच."

'ठेव. अगं, एक राहिलंच…'

'ठेव. अन् ते डॉक्टर म्हणाले…'

'ठेव. तुला सांगणार नव्हते, पण…'

मग एकाच घराची लांबलचक रांग लागली. रोजचा एक फोन, आणि रोज तेच शब्द: 'ठेव. अन् आयक नं…'

मंजिरीने त्यातला एक फोन उघडून शेवटाच्या आधीची ओळ पाहिली. 'कुकरची रिंग बदलली का?' असे त्या घरातला म्हातारा विचारत होता. तिच्या ओट्यावर जुनीच रिंग होती.

तिला आठवले. तीन वर्षांपूर्वी नाना अर्धा तास पावसापाण्याचे बोलले होते, आणि तिसऱ्या 'ठेवते' नंतर म्हणाले होते, "अन् आयक नं, तुह्या आईच्या पोटात गाठ निघाली." नानांच्या मनातले नेहमी तिथेच बाहेर यायचे. हे तिच्यातल्या लेकीला पक्के ठाऊक होते आणि तिच्यातली अभ्यासक तेच कापून मोकळी झाली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

त्या संध्याकाळी साडेसहाला तिने बदली बंद केली आणि स्वतः फोन लावला.

"नाना, चहा झाला का?"

"झाला. तब्येत बरी हाय. जेवण टायमावर होते. ऊन कमी हाय." नाना एका दमात बोलून थांबले, अर्ज भरल्यासारखे.

आठ महिन्यांत ती त्यांच्याशी बोलायचे विसरली होती. शेवटी घाबरतच म्हणाली, "ठेवू का?"

"ठेव," नाना म्हणाले आणि त्यांनीच फोन कापला.

मंजिरी रडली. तोंड पुसून तिने पुन्हा नंबर लावला.

"काय झालं वो? बरी हायेस नं?" नानांचा आवाज घाबरला होता.

"बरी आहे. मीच आहे, नाना."

"रोज तूच तं असतं."

ती नुसतेच "ठेवते" म्हणाली, पण फोन ठेवला नाही. पलीकडूनही ठेवला गेला नाही. सवयीने ती दशांश मोजू लागली आणि चार सेकंदांपाशी तिने मोजणे सोडून दिले. तिकडे नानांच्या दुकानातला पंखा करकरत होता. चाळीस वर्षे त्यांनी तिथे रेडिओ दुरुस्त केले होते. डब्यातली बारीकशी खरखरसुद्धा त्यांच्या कानातून सुटत नसे.

"मंजू," नाना म्हणाले, "आज टिंग नाही वाजली."

"नाही वाजली, नाना."

"मंग सांगू का आता?"