ताईने धरलंय

दुपारचे तीन वाजले होते. बदलीची सिस्टर आलीच नाही, म्हणून मोठ्या सिस्टर सलग दुसरी पाळी ओढत होत्या. पाय भरून आले होते, डोळे चुरचुरत होते. वॉर्डात फिनेलचा वास आणि पंख्याची घरघर.

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईला नुकताच सातवा लागला होता आणि कळा सुरू झाल्या होत्या. त्या थोपवायला सलाइनमधून औषध चालू होतं. बाळाच्या फुफ्फुसांसाठीच्या दोन इंजेक्शनांपैकी एक झालं होतं, दुसरं उद्या. “तोवर बाळ आत राहिलंच पाहिजे,” डॉक्टर बजावून गेले होते.

सिस्टरांनी पोटावर हात ठेवला, घड्याळाकडे बघत राहिल्या. दहा मिनिटं, वीस मिनिटं. एकही कळ नाही. चला, औषध लागू पडलं. त्यांनी सुस्कारा सोडला.

तेवढ्यात कोपराला गादी ओली लागली. सुई निघाली होती. औषध सगळं कापसात मुरत होतं.

“अगं, सांगायचंस ना! कधीपासून?”

“सकाळीच निघाली...” बाई कुजबुजली. “हळू बोला, सिस्टर. ताई दमलीय.”

“कोण ताई?”

“ह्याची. माझी पहिली. गेल्या वर्षी अशीच घाईने आली... तासभर होती फक्त.” तिने पोटाकडे बघितलं. “तिनेच धरून ठेवलंय ह्याला.”

घाबरल्या बायका काहीबाही बोलतात, असं मनाला बजावत सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं, नवी सुई लावली. दुसऱ्या दिवशी दुसरं इंजेक्शनही झालं. बाळ चांगलं पाच आठवडे आत राहिलं.

मुलगा झाला. लहानखुरा, पण खणखणीत रडला. पुसताना सिस्टरांचा हात थबकला. त्याच्या घोट्याभोवती पाच निळसर वळ होते, बोटांचे. त्याच्या स्वतःच्या बोटांपेक्षाही बारीक.

“जन्मखूण असेल,” डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांनी मान डोलावली. वाद घालायचं त्राण कोणाला होतं?

बारा दिवसांनी घरी सोडताना त्यांनी दुपटं जरा बाजूला केलं. घोटा स्वच्छ होता. त्यांना हायसं वाटलं.

मग दुपटं आणखी वर सरकलं. ते पाच वळ आता गुडघ्याच्या वर होते.