उताराकडची बाजू

"दादा, चहा घेता का?" खड्ड्याच्या काठावरून कुणीतरी विचारलं.

खड्ड्यातून आधी हेल्मेट वर आलं आणि त्याखाली चिखलाने माखलेला एका मुलीचा चेहरा. "दादा नाही… पण चहा घेईन."

तो असा काही गोरामोरा झाला, की अर्धा चहा बशीत! तिला हसू आवरेना. तो घरमालकांचा मुलगा आणि ती मातीची तपासणी करणारी इंजिनियर. टेकडीच्या उतारावरच्या या घराच्या भिंतींना तडे का जातात, ते तिला शोधायचं होतं. एकटीच्या जबाबदारीवर घेतलेलं हे तिचं पहिलंच काम.

मग तो रोजच काही ना काही निमित्त काढून येऊ लागला. ओल्या मातीची तळहातावर वळी कशी करायची, ते तिने त्याला शिकवलं. वळी झाली तर चिकणमाती, तुटली तर वाळूच जास्त. त्याची मात्र कुठलीही वळी तुटायचीच.

"मुद्दाम तोडता ना?"

"पुन्हा शिकवाल म्हणून…"

तिचे कान तापले. तिने घाईघाईने मान खाली घातली.

त्याच्या वडिलांनी हे घर स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. "सगळं पक्क्या मुरमावर आहे," असं ते छाती फुगवून सांगायचे. पण उताराकडच्या खड्ड्यातून कौलांचे तुकडे निघाले, कुजलेली मुळं निघाली. अर्धं घर मुरमावर होतं आणि अर्धं बाहेरून आणून टाकलेल्या भरावावर. तो भराव खचत होता.

तिने ते आधी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "बाबांचा जीव आहे हो या घरात. अहवालात जरा सौम्य लिहा ना… माझ्यासाठी?"

'माझ्यासाठी' हा शब्द तिच्या काळजात रुतला. हा माणूस तिला आवडला होता, फार आवडला होता. तरी ती ताठ मानेने म्हणाली, "तुमच्यासाठी चहा सोडेन. जे खरं दिसलंय, त्यातला एक शब्द सोडणार नाही."

तो पाठ फिरवून निघून गेला. संपलं सगळं, तिला वाटलं. डोळे भरून आले, पण लिहायचं ते तिने स्पष्टच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावरच अहवाल वाचून वडील भडकले. "कालची पोर मला शिकवणार?"

तेवढ्यात तो खड्ड्यातून वर आला, कोपरापर्यंत मातीने भरलेला. "बाबा, मी खाली उतरून पाहिलं. सळई एका हाताने आत जातेय. त्या बरोबर सांगताहेत."

वडील स्वतः खाली उतरले, सळई खुपसून पाहिली. वर आले तेव्हा आवाज पार खाली आला होता. "घर वाचेल ना, पोरी?"

"वाचेल, काका. खालच्या मुरमापर्यंत आधार नेऊ. मी उभी राहून करून घेईन."

"तूच करून घे. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी," ते म्हणाले आणि आत गेले.

तो घुटमळत जवळ आला. "मला वाटतं, आपल्या नात्याचा पाया—"

"पायाचं नाव काढलंत तर चालले मी!"

तो हसला, मग गंभीर झाला. "काल तुमचा खूप राग आला. आज वाटतंय… इतकं सरळ माणूस माझं असेल, तर मी जन्मभर मिरवीन. आवडता तुम्ही मला."

"मग मिरवा की," ती म्हणाली आणि आपला मातीचा हात तसाच त्याच्या हातात दिला.