ताईच्या पेशी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या धाकट्या मावशीच्या बाबतीत घडलंय. ती रसायनशास्त्राची प्राध्यापक. भुताखेतांचं नाव काढलं की आमची टर उडवणारी बाई.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. तिच्याच प्रयोगशाळेत, भर दुपारी.

थोरली मावशी एका आजारानं गेली होती. अंगातलं एक एन्झाइम कामच करेना. मग तिच्या लेकीला, आमच्या चिमणीला, तोच आजार निघाला.

धाकटीनं कंबर कसली. बहिणीच्या पेशी तिनं बाटलीत जिवंत ठेवल्या होत्या. त्यांतल्या थोड्या काचेच्या नळीत घेऊन त्यांवर एकेक औषध घालून बघायची. एन्झाइम जागं झालं, तर नळीतलं पाणी पिवळं होणार.

महिनोन्‌महिने पाणी आपलं पाण्यासारखंच.

त्या दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून चिमणी तिथेच येऊन बसली. मावशी औषध आणायला कपाटाकडे वळली.

"मावशी, पिवळं झालं."

"गप गं. अजून काही घातलंच नाहीये."

वळून बघते तर...

पिवळंधमक.

मावशीनं आधी स्वतःलाच झापलं. नळी घाण असेल, हात चुकला असेल. पुन्हा केलं. चिमणी बाहेर गेली की पाणी स्वच्छ. शेजारी बसली की...

"हसतेस काय गं?"

"केसांतून कोणीतरी हात फिरवतंय."

खोलीत दोघीच होत्या.

पुढच्या तपासणीत चिमणीच्या रक्तातलं ते एन्झाइम चक्क काम करत होतं. डॉक्टर चक्रावले. मावशी दवाखान्याच्या जिन्यात बसून आनंदानं ढसाढसा रडली.

पण बाटलीतल्या पेशी कमी होत चालल्या होत्या. कितीही निगा राखली तरी.

"ताई, जरा जपून दे गं," मावशी बाटलीशी बोलायची.

शेवटी बाटलीत काहीच उरलं नाही. चिमणी मात्र टुणटुणीत. सुटलो एकदाचे, असं आम्हाला वाटलं.

आता, अशा प्रयोगांत तुलनेसाठी निरोगी माणसाच्या पेशीही लागतात. मावशी पहिल्यापासून स्वतःच्याच वापरते. त्यांची नळी पिवळी व्हायलाच हवी.

हल्ली चिमणी शेजारी बसली की ती नळी फिकी पडते... रोज थोडी जास्त.

हे मावशीनं मला परवा सांगितलं, तेव्हा तिचे हात थरथरत होते. थोरलीचं दुखणंही असंच हातांपासून सुरू झालं होतं. मला तेव्हापासून धड झोप नाही.

"मग तिला येऊ कशाला देतेस?" मी विचारलं.

तेवढ्यात दार वाजलं. चिमणी आली होती.

"ये गं," मावशी म्हणाली. "इकडे बस. अगदी जवळ."